अडलेलें गणित आणि लाजलेला मुलगा

दिवाळीच्या सुटींत कॉलेजांतून घरीं आलेला मुलगा गोठ्यांत दिसतो, शेतांत दिसतो, पारावर दिसतो. एक पुस्तकापाशीं तेवढा दिसत नाहीं. आई विचारते, "अभ्यास कसा चाललाय रे?" तो म्हणतो, "चाललाय, आये." बाप कांहींच विचारीत नाहीं, कारण काय विचारावें हें त्यास ठाऊक नसतें. पुढें निकाल लागतो आणि कळतें कीं, इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सहामाहींत गणित गेलें, आणि पदार्थविज्ञान, ज्याला मुलें फिजिक्स म्हणतात, तेंही गेलें. कॉलेजांत ह्याला 'केटी लागली' म्हणतात. घरीं हा शब्द कोणास समजत नाहीं. फी पुन्हां भरावयाची आहे एवढें समजतें. दोन केट्या होतात, चार होतात, वर्ष बुडतें, आणि एक दिवस मुलगा आपली पेटी उचलून गांवीं परत येतो. गांव म्हणतो, "त्याच्या डोक्यांत तें बसलें नाहीं." ज्या जमिनीवर कर्ज काढून तो गेला, ती जमीन मात्र बँकेच्या वहींत पक्की बसलेली असते.

शेतकरी बंधूंनो, कारागीर बंधूंनो, आणि मायबहिणींनो, डोक्यांत बसलें नाहीं ही गोष्ट खोटी आहे असें आम्ही स्पष्ट म्हणतों. बारावीला ज्यानें चांगले गुण मिळविले त्याचें डोकें अवघ्या सहा महिन्यांत कोणीं पळविलें? मुलगा म्हटलें, पण मुलगीही त्यांत आलीच. किंबहुना तिची गोष्ट अधिक अवघड, कारण ती एकदां घरीं परत आली कीं तिच्यासाठीं लागलीच स्थळ पाहतात. मुलें बुडतात तीं बुद्धीच्या अभावीं नव्हे. घरीं सोडवावयास दिलेलें गणित रात्रीं अकरा वाजतां अडतें, आणि त्या वेळीं विचारावें असें कोणी जवळ नसतें, म्हणून बुडतात. आणि कोणी जवळ असलें तरी विचारण्याची लाज वाटते, म्हणून तर फारच बुडतात.

हें गणित म्हणजे आहे तरी काय, तें आधीं पाहूं. कॅल्क्युलस असें त्याचें भारी नांव. मराठी विश्वकोशांत त्याला अवकलन व समाकलन म्हटलें आहे. नांवास भिऊं नका. एखादी गोष्ट बदलत असेल, तर ती ह्या घटकेस किती वेगानें बदलत आहे तें काढणें म्हणजे अवकलन. आणि अशा घटकाघटकांच्या बदलांची बेरीज म्हणजे समाकलन. पहिल्या वर्षाच्या पुस्तकांत एक उदाहरण बहुधा असतेंच: पट्ट्यावरून वाळू पडते, तिचा शंकूसारखा ढीग होतो, ढिगाची उंची किती वेगानें वाढते तें सांगा. मुलगा तेथें अडतो.

आतां पट्टा काढा आणि मळणीयंत्र ठेवा. वाळू काढा आणि ज्वारी ठेवा. यंत्रांतून मिनिटाला दोन घनफूट, म्हणजे अदमासें चाळीस किलो, धान्य एकसारखें पडत आहे. राशीचा उतार असा कीं, मध्यापासून कडेपर्यंतचें अंतर उंचीच्या नेहमीं दुप्पट राहतें. पहिला फूट चढावयास दोन मिनिटें लागतात. दुसरा फूट चढावयास जवळजवळ पंधरा मिनिटें. तिसरा फूट चढावयास चाळीस. यंत्र ओततें तेवढेंच, पण राशीचें वर चढणें मंदावतें, कारण नवें धान्य आतां मोठ्या अंगावर पसरावें लागतें. उंची दुप्पट झाली कीं चढण्याचा वेग चवथाईवर येतो. खळ्यावर बसलेल्या कोणत्या बाईनें हें पाहिलें नाहीं? पुस्तक याहून निराळें कांहीं सांगत नाहीं. तें फक्त अक्षरांत सांगतें.

आणि तीच रास पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतही आहे. लहान राशीचा उतार आणि मोठ्या राशीचा उतार सारखाच कां? दाण्याचें वजन त्याला उतारावरून खालीं ओढतें. आणि त्याच वजनानें तो खालच्या दाण्यांवर दाबला जातो, म्हणून घर्षण त्याला धरून ठेवतें. ओढणारेंही वजन आणि धरविणारेंही वजन, तेव्हां वजन हिशेबांतून उडून जातें आणि उताराचा कोन तेवढा उरतो. तो कोन दाण्याच्या जातीवर आणि कोरडेपणावर ठरतो, रास केवढी आहे त्यावर नाहीं.

मग जो मुलगा ह्या राशीवर लोळून वाढला तोच ह्या उदाहरणाशीं कां अडावा? ही वाळू म्हणजे तुझीच ज्वारी रे बाबा, असें सांगणारें त्याला त्या रात्रीं कोणी भेटलें नाहीं, हें एक कारण. भाषा हें दुसरें. दहावीपर्यंत मराठी शाळेंत तो 'त्वरण' शिकला, 'घर्षण' शिकला, आणि चांगला शिकला. कॉलेजांत तेंच त्वरण अॅक्सिलरेशन होऊन येतें आणि ओळख देत नाहीं. मास्तर तासाभरांत फळ्याचीं चार फळे भरून पुसतात. मुलगा उतरवून घेतो. समजून घेणें रात्रीवर टाकतो. आणि रात्र एकटी असते.

शहरांतल्या शिकलेल्या घरीं असें होत नाहीं. तेथें मुलगा अडला तर जेवतां जेवतां काका सांगतो, मावसबहीण सांगते, शेजारचे निवृत्त प्रोफेसर सांगतात. त्याला मदत मिळाली असें कोणी म्हणत नाहीं. घरचें वळण चांगलें असें म्हणतात! आमच्या मुलानें तीच गोष्ट कॉलेजांत दहा जणांसमोर विचारली कीं मात्र ती मदत ठरते, आणि मदत मागणारा कच्चा ठरतो. त्यांत पुन्हां तो राखीव जागेवरून आलेला असेल तर मागच्या बांकावरून हंसण्याचा आवाज येतो. तो आवाज एकदां कानीं पडला कीं मुलगा मनाशीं निश्चय करतो: मरेन, पण विचारणार नाहीं. आपण विचारलें तर आपल्या सगळ्या माणसांचें नांव खालीं जाईल, असें अठरा वर्षांचें तें पोर समजतें. केवढा हा भार, आणि तो कोणाच्या खांद्यावर!

ही गोष्ट आपल्याकडचीच आहे असें मात्र नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक, गुलामांस मुक्त करण्याच्या कामीं झटलेल्या अमेरिकेंतील लोकांस अर्पण केलें होतें. त्याच गुलामांच्या पणतवंडांची ही हकीकत आहे, म्हणून आपल्या घरांत ती सांगण्यासारखी आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचें बर्कली येथें मोठें कॉलेज आहे. तेथें १९७० नंतरच्या वर्षांत असें दिसून आलें कीं, पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसांत कृष्णवर्णीय मुलांपैकीं निम्म्याहून अधिक मुलें नापास होतात किंवा कशीबशीं तरतात. उरी ट्रीझमन नांवाचा एक तरुण तेव्हां तेथें गणित शिकत व शिकवीत होता. त्यानें शिकविणारांस विचारलें, असें कां होतें? उत्तरें आलीं तीं आपल्याही कानांस ओळखीचीं आहेत: ह्या मुलांना हौस नाहीं, पाया कच्चा आहे, घरीं शिक्षणाची आस्था नाहीं, गरिबी आहे. ट्रीझमननें ऐकून न घेतां जाऊन पाहिलें. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचीं मुलें निवडून, तीं अभ्यास कोठें करतात, कोणाबरोबर करतात, हें त्यानें पुष्कळ महिने त्यांच्यांत राहून पाहिलें. चारही उत्तरें खोटीं निघालीं. त्या मुलांच्या आईबापांनीं शिक्षणासाठीं हाडाचीं काडें केलेलीं होतीं. मुलें कष्टाळू होतीं. मास्तरांनीं आठवड्यास आठ तास अभ्यास करा म्हटलें, तर तीं इमानानें आठ तास करीत.

पण एकटीं करीत. दार लावून करीत.

चिनी मुलें चौदा तास करीत. आधीं आपापलें सोडवीत, मग सांजेला एकत्र जमत, एकमेकांचीं गणितें तपाशीत, ज्याचें चुकलें त्याला तोंडावर सांगत, सर्वांचेंच अडलें तर तें अवघड आहे असें समजत, आणि उगीच स्वतःला ढ म्हणवून घेत नसत. मागच्या परीक्षांचे पेपर त्यांच्यापाशीं असत, थोरल्या भावंडांस विचारणें हें त्यांच्यांत नेहमींचेंच होतें. कोण कोठें उभा आहे हें त्यांना ठाऊक होतें. एकट्या मुलाला तें परीक्षेच्या दिवशीं कळे.

सरकारी मदत बर्कलींतही होती. कच्च्या मुलांसाठीं वर्ग होते, शिकवणारे होते. कृष्णवर्णीय मुलें तेथें पाय ठेवीत नसत. कां, तें वरच्या मागच्या बांकावरून जाणावें. तेव्हां ट्रीझमननें १९७८ सालीं उलटी युक्ति केली. त्यानें कच्च्यांचा वर्ग काढला नाहीं. त्यानें हुशारांचें मंडळ काढलें आणि पुस्तकांतल्याहून अधिक अवघड गणितें आणून पुढ्यांत टाकलीं. पांच-सात मुलांनीं एका मेजाभोंवतीं बसावें, भांडावें, खोडावें, सोडवावें. शिकविणारानें मध्यें उत्तर सांगूं नये. अडलें तेथें एक प्रश्न टाकून बाजूस व्हावें. त्या मंडळांतलीं मुलें पास झालीं, एवढेंच नव्हे, तर मंडळांत नसलेल्या गोऱ्या मुलांच्याही पुढें गेलीं. डोकीं तींच होतीं आणि घरचें दारिद्र्यही गेलें नव्हतें. एकटेपण तेवढें मोडलें होतें.

आमच्या इकडे ही अक्कल नवी नाहीं. १९०१ सालीं कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें, पुढें निरनिराळ्या जातींचीं वसतिगृहें उभीं केलीं. १९२४ सालीं भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविणारें बोर्डिंग काढलें. तेथें भाकरी मिळे हें आपण सांगतों. पण एका दिव्याभोंवतीं दहा पोरें बसत, आणि पुढच्या वर्गांतला मागच्याला सांगे, ह्याची किंमत भाकरीहून कमी नव्हती. आजच्या होस्टेलांत दिवा ज्याचा त्याच्या उशाशीं आहे आणि मोबाइल ज्याचा त्याच्या हातांत.

मोबाइलावरून आठवलें. विकत मिळणाऱ्या मदतीबद्दल बोलल्याशिवाय हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं. पैसे घेऊन तयार उत्तरें देणारीं दुकानें पुष्कळ झालीं आहेत. शिवाय २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी हें बोलणारें यंत्र निघालें, आणि त्याच्यासारखीं आणखी निघालीं. गणिताचा फोटो काढून धाडला कीं क्षणांत उत्तर, पायऱ्यांसकट. मुलें तें उतरवून काढतात, सबमिशन होतें, सही मिळते. परीक्षेंत यंत्र नसतें. सुतार आपल्या पोराला कसें शिकवितो? पोराच्या हातांत रंधा देतो, लांकूड खडबडीत निघालें तर म्हणतो, "रेषा कोणीकडे जाते तें बघ." तो स्वतः रंधून गुळगुळीत फळी पोराच्या हातीं ठेवील तर पोराला फळी मिळेल, सुतारकी मिळणार नाहीं.

म्हणून यंत्र फेंकून द्या, असें आमचें म्हणणें नाहीं. रात्रीं अकरा वाजतां तें जागें असतें आणि हंसत नाहीं. आमच्या लाजऱ्या मुलाला हा मोठाच आधार आहे. पण त्याला विचारण्याची रीत असावी. आधीं कागदावर स्वतः झटून पाहावें. मग विचारावें, "मीं येथपर्यंत केलें, येथें अडलों, उत्तर सांगूं नकोस, चूक कोणत्या ओळींत आहे तें सांग, किंवा पुढचें एकच पाऊल सांग." मास्तरांच्या खोलींत जातांनाही हाच कागद हातांत असावा. 'सर, कांहींच समजलें नाहीं,' असें म्हणणाऱ्याला कोणीही मास्तर काय सांगणार? खोडाखोड केलेला कागद पुढें ठेवला कीं अवघ्या दोन मिनिटांत गांठ सुटते. आणि यंत्र चुकतें, बरें का, आणि चुकलें तरी चेहरा पाटलासारखा ठेवून बोलतें! तेव्हां उत्तर मिळालें कीं तें खळ्यावर आणून पारखावें. राशीची उंची एक फुटावरून दोन फूट केली तर वेग चवथाई होतो का? धान्य पडणें थांबविलें तर वेग शून्य येतो का? उंचीचा वेग दर मिनिटास फुटांत आला आहे, कीं घनफुटांत? एवढें पारखणें ज्याला साधलें, त्याला यंत्र फसवूं शकत नाहीं आणि छापलेलें पुस्तकही फसवूं शकत नाहीं.

फुकट मिळणारी चांगली मदतही आहे, ती पोरांना कोणी सांगत नाहीं. आय.आय.टी. आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनीं सरकारच्या पैशानें एनपीटीईएल म्हणून व्याख्यानांचा सांठा २००३ पासून उभा केला आहे; त्यांत हें गणित आणि हें पदार्थविज्ञान पहिल्यापासून आहे, आणि बघावयास पैसा पडत नाहीं. तंत्रशिक्षण परिषदेनें अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचीं पुस्तकें मराठींतही काढलीं आहेत. ज्याला इंग्रजी पान कळत नाहीं त्यानें तेंच पान आधीं मराठींत वाचावें आणि मग इंग्रजी उघडावें; ह्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. दोन बैलांचा नांगर एका बैलापेक्षां बरा चालतो.

परंतु सगळें ओझें पोरांवर टाकून कॉलेजें मोकळीं होतील, तर तें आम्हांस मान्य नाहीं. आज राज्यांतील कितीतरी कॉलेजांत अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे जितके तास शिकविले तितक्या तासांची मजुरी. असा अध्यापक घंटा वाजली कीं दुसऱ्या कॉलेजाची बस पकडावयास धांवतो. त्या बिचाऱ्यास दोष काय द्यावा? मुलाचें गणित अडलें म्हणून जो अर्धा तास बसेल, त्या अर्ध्या तासाचे पैसे त्याला कोणी देत नाहीं. फी पुरी घेणाऱ्या संस्थांना हा अर्धा तास परवडत नाहीं, प्रवेशद्वाराची कमान मात्र परवडते. प्रत्येक कॉलेजानें सांजेला एक खोली उघडी ठेवावी. तींत मोठा फळा असावा, वरच्या वर्षाचीं दोन-चार मुलें पगार देऊन बसवावीं, आणि दारावर 'कच्च्या विद्यार्थ्यांसाठीं' अशी पाटी चुकूनही लावूं नये. तेथें अवघड गणितें ठेवावींत. आमचीं मुलें तेथें येतात कीं नाहीं तें मग पाहावें. आणि कॉलेज करीत नसेल तोंपर्यंत होस्टेलांतल्या पांच मुलांनीं एका खोलींत बसून हें आजपासून सुरू करावें. त्याला परवानगी लागत नाहीं. मागच्या बांकावर हंसणाराही त्यांत आला तर येऊं द्यावा, त्याचेंही कोठें तरी अडलेलेंच असतें.

राहिले घरचे. आम्हांला अक्षर येत नाहीं, आम्ही काय मदत करणार, असें पुष्कळ आईबाप म्हणतात. गुण किती पडले हें विचारूं नका. तें विचारलें कीं पोर खोटें बोलावयास शिकतें. त्याला म्हणा, "ह्या महिन्यांत काय शिकलास तें मला समजावून सांग." तो म्हणेल, "आये, तुला नाहीं कळायचं." तुम्ही म्हणा, "नाहीं कळलं तर नाहीं, तूं सांग तर खरं." सांगतां सांगतां तो जेथें अडखळेल, तेथेंच त्याचें त्यालाच कळतें कीं आपल्याला हें येत नव्हतें. मास्तराला जें दिसलें नाहीं तें असें चुलीपाशीं दिसतें. एकानें हें करून पाहिलें आहे. त्याचा मुलगा वाक्याच्या मध्येंच थांबला, उठला, आणि वही घेऊन परत येऊन बसला.

ज्यांचीं मुलें सुटींत घरीं आहेत त्यांनीं त्यांना ही एक गोष्ट विचारावी. उघड्या खळ्यावर तीन फूट उंचीची रास व्हावयास तासाला तीन-चार मिनिटें कमी लागलीं. आतां यंत्राचें तोंड घराच्या भिंतीशीं नेलें आणि तेवढेंच धान्य तेवढ्याच वेगानें भिंतीला लागून ओतलें, तर तीन फुटांची रास किती मिनिटांत होईल? आणि ती अगदीं कोपऱ्यांत, दोन भिंतींच्या मध्यें ओतली तर? उत्तर आम्ही छापणार नाहीं. मोबाइल उघडण्याआधीं मुलानें चार मुठी ज्वारी भिंतीशीं ओतून बघावी.